वैद्यकाचा विद्यार्थी आणि गांवचा उंबरठा

(नभोवाणीवरील भाषण)

वैद्यकाचा अभ्यास म्हटला कीं सुशिक्षित कुटुंबाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. जाडजूड ग्रंथ, शवविच्छेदनाचें दालन, रुग्णालयांतील खाटांच्या लांबच लांब रांगा, आणि त्या रांगांमधून प्राध्यापकांच्या मागोमाग चालणारा पांढऱ्या कोटांतला विद्यार्थी. या चित्रांत शेणानें सारवलेलें अंगण नसतें, चुलीचा धूर नसतो, हातपंपाशीं लागलेली घागरींची रांग नसते. म्हणून आपला मुलगा किंवा मुलगी वैद्यकीय महाविद्यालयांत गेल्यावर पहिल्याच वर्षीं कोठल्याशा खेड्यांत जाणार, दारोदार हिंडून वही भरणार, असें कळलें म्हणजे घरांतील वडील माणसें नाराज होतात. “डॉक्टर व्हायला पाठविलें कीं शिरगणती करायला?” असा प्रश्न कित्येक घरांतून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. तेव्हां त्याचें उत्तरही नीट दिलें पाहिजे. या गांवभेटींचा उपयोग कोणाला, विद्यार्थ्याला कीं गांवाला, या एका मुद्द्यावरच त्यांची सारी किंमत ठरते.

आपल्याकडे पाश्चात्य वैद्यकाचें शिक्षण प्रथमपासून रुग्णालयाच्या आश्रयानें वाढलें. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्यें सुरू झालें तें जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून उभारलेल्या रुग्णालयाच्या सोबतीनेंच. या पद्धतीचे गुण मोठे आहेत. शेंकडों रोगी एका छताखालीं पाहावयास मिळतात, रोगाचीं लक्षणें शेजारींशेजारीं ताडून पाहतां येतात, चूक झाली तर सुधारणारे गुरु जवळ असतात. परंतु तिच्यांत एक उणीवही आहे. रुग्णालयांत येतो तो रोगी. रोग जेथें जन्मला तें घर त्याच्या खाटेबरोबर येत नाहीं. शिवाय जो येऊं शकला तोच दिसतो. वाटखर्चाला पैसे नव्हते, गुरांना पाहणारें कोणी नव्हतें, म्हणून जो आलाच नाहीं, तो रुग्णालयांतील कोणत्याही कागदावर सांपडत नाहीं.

ही उणीव जाणत्यांच्या लक्षांत आली नव्हती असें नाहीं. कलकत्त्याच्या अखिल भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेनें १९३९ मध्यें हुगळी जिल्ह्यांतील सिंगूर येथें ग्रामीण आरोग्याचें शिक्षणकेंद्र उघडलें होतें. पुढें सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला, तेव्हां प्रत्येक भावी डॉक्टराला रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचें ३ महिन्यांचें शिक्षण मिळावें आणि त्यांतून ‘सामाजिक वैद्य’ तयार व्हावा, अशी शिफारस केली. शिफारशी करणें सोपें. त्या दैनंदिन अभ्यासक्रमांत उतरविणें कठीण. महाराष्ट्रांत हें काम आस्थेनें हातीं घेतलें तें सेवाग्रामच्या महाविद्यालयानें. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, म्हणजे १९६९ मध्यें, डॉ. सुशीला नय्यर यांनीं तें स्थापन केलें. तेथें नवा विद्यार्थी प्रथम १५ दिवस आश्रमांत राहतो. पुढें त्याची सारी तुकडी मिळून एक खेडें दत्तक घेते, तेथें शिबिर करून राहते, आणि प्रत्येकाच्या वांट्याला कांहीं कुटुंबें येतात. त्या कुटुंबांकडे विद्यार्थ्यानें पुढेंही जात राहावें अशी अपेक्षा असते. २०२२ मध्यें राष्ट्रीय वैद्यक आयोगानें कुटुंब दत्तक घेण्याची अशीच योजना देशांतील सर्व वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत घातली. म्हणजे एकेकाळीं जें एखाददुसऱ्या संस्थेचें व्रत होतें तें आतां सर्वांचें कर्तव्य झालें आहे.

अशा विद्यार्थ्याची पहिली भेट कशी होत असेल, याची श्रोत्यांनीं कल्पना करावी. वय अठरा-एकोणीस. हातांत वही, खिशांत मोजपट्टी. वर्धेकडचें एखादें खेडें, सकाळची वेळ. घरांतलीं कर्तीं माणसें कापूस वेंचावयास गेलेलीं. ओसरीवर एक आजी तुरीच्या शेंगा सोलीत बसलेली. विद्यार्थी विचारतो, “आजी, घरात माणसं किती?” आजी त्याला बसावयास सांगते आणि उलट विचारते, “मोजाले आला काय रे बाप्पा? मागच्या साली बी एक पोरगा मोजून गेला. त्याचं मंग काय झालं?”

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकांत उत्तर नाहीं. मागल्या वर्षीं भरलेली वही तपासली गेली, तिला गुण मिळाले आणि ती कपाटांत गेली, हें त्या आजीला कोणत्या तोंडानें सांगावें? विद्यार्थी जर विचार करणारा असेल तर त्याचें खरें शिक्षण येथें सुरू होतें. आपण विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाबरोबर आपण कांहीं देणें लागतों, ही जाणीव कोणत्याही व्याख्यानांतून येत नाहीं. ती अशा ओसरीवरच येते.

गांवांत जाऊन विद्यार्थी जें शिकतो त्यांतला पहिला धडा असा, कीं रोग्याचा हट्ट म्हणून ज्याची संभावना केली जाते तो पुष्कळदां हट्ट नसतो. क्षयरोगाचें उदाहरण घ्यावें. साध्या क्षयाला नेहमींचीं औषधें सुमारें ६ महिने नियमानें घ्यावीं लागतात. पहिल्या एक-दोन महिन्यांतच खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते. तेथेंच औषध सोडलें तर रोग उलटण्याची आणि जंतू औषधांना दाद न देण्याची भीति असते. रुग्णालयाच्या कागदावर अशा रोग्यापुढें ‘उपचार सोडले’ एवढेंच लिहिलें जातें. परंतु बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यांतील एखाद्या गांवीं तोच विद्यार्थी त्या रोग्याच्या घरापर्यंत गेला तर काय दिसतें? दाराला कुलूप. दसरा-दिवाळी झाली, मुकादमाची उचल घेतलेली होती, आणि सारें बिऱ्हाड ऊसतोडीसाठीं साखर कारखान्याच्या भागांत निघून गेलें. रोग्यानें औषध टाकलें नाहीं. त्याचा पत्ता बदलला. आतां उपाय निराळा ठरतो. त्याला आळशी म्हणून दोष देण्यापेक्षां तो निघण्यापूर्वींच पुढील गांवच्या आरोग्यकेंद्राला कळविणें, औषधें बरोबर देणें, आणि तो कोणत्या टोळीबरोबर गेला आहे हें लिहून ठेवणें, हेंच खरें वैद्यक होय.

दुसरा धडा उपदेशाविषयींचा. गर्भवती स्त्रीच्या रक्तांत हिमोग्लोबिनचें प्रमाण दर डेसिलिटरला ११ ग्रॅमपेक्षां कमी असेल तर तिला रक्तक्षय आहे असें समजतात. सरकारी योजनेप्रमाणें गरोदरपणांत १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुनः १८० दिवस लोहाच्या गोळ्या द्यावयाच्या असतात. गोळ्या घरांत पोंचतात. पोटांत पोंचतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मात्र स्वयंपाकघरापर्यंत जावें लागतें. तेथें पुरुष विद्यार्थ्याला सहसा प्रवेश नसतो. सासू ओसरीवर “हो, हो, घेते ती” असें सांगत असतां, मागील दारीं भांडीं घासणारी सून विद्यार्थिनीला हळूच सांगते कीं गोळीनें मळमळतें, शौचाला काळें होतें, म्हणून त्या तशाच फळीवर ठेविल्या आहेत. काळें होणें हा लोहाचाच परिणाम, त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. गोळी जेवणानंतर घेतली म्हणजे मळमळ कमी होते. चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगीं लागत नाहीं. लिंबू किंवा आंवळा बरोबर असला तर अधिक लागतें. एवढ्या चार गोष्टी समजावून सांगितल्या तर पुष्कळ गोळ्या फळीवरून खालीं येतात. उलट, ज्या घरांत भाकरी आणि चटणी यांवर दिवस निघतो त्या घरांत “फळें खा, दूध प्या” असें सांगणें म्हणजे उपाशी माणसाला पंक्तीचें वर्णन ऐकविण्यासारखेंच आहे. तेथें शेवग्याचा पाला, हरभरा, मटकी, परसांतली भाजी यांची आठवण द्यावी. विद्यार्थ्याची जीभ पुस्तकी असते. ती घरगुती होण्यास अशीं पांच-पन्नास घरें लागतात.

तिसरा धडा असा, कीं मोठें काम नेहमीं मोठ्या यंत्रानें होतें असें नाहीं. सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर एका साध्या पट्टीनें मोजतात. तो साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला तर मुलाला तीव्र कुपोषण आहे, आणि त्याला ताबडतोब उपचारांची गरज आहे असें समजावें. ही पट्टी अंगणवाडीच्या ताई रोज वापरतात. मुलगा खेळतो आहे, हंसतो आहे, म्हणून आईला शंका आलेली नसते. पट्टी मात्र बोलते. विद्यार्थ्याला येथें कळतें कीं त्याच्या आधीं गांवांत कोणी तरी काम करीत आहे. अंगणवाडीची योजना १९७५ पासूनची. ‘आशा’ म्हणून काम करणाऱ्या स्त्रिया २००५ पासूनच्या. गांवांतील कोणत्या घरांत कोण आजारी, कोणाचे दिवस भरले, कोणाचा नवरा पितो, हें त्यांना तोंडपाठ असतें. पांढरा कोट पाहून गांवकरी विद्यार्थ्याला ‘डॉक्टर’ म्हणतात. परंतु गांवांतली खरी माहीतगार ती आशाताईच असते, आणि विद्यार्थ्यानें तिच्या मागून चालावें यांत कमीपणा नाहीं.

ही गोष्ट जामखेडनें साऱ्या जगाला दाखवून दिली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० मध्यें त्या दुष्काळी भागांत गेलें. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत पाठवून पाहिलें. तें जमलें नाहीं. तेव्हां त्यांनीं गांवांनाच सांगितलें कीं तुमच्यांतलीच एक बाई निवडून द्या. निवडून आलेल्या स्त्रियांपैकीं कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्यांना थोडें थोडें शिकवीत गेलें असतां त्यांनीं बाळंतपणें सुरक्षित केलीं, लसी टोंचून घेण्यास आयांचें मन वळविलें, कुष्ठरोग्याची भीति घालविली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्यें मॅगसेसे पारितोषिक मिळालें. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं याच विश्वासावर पुढचें पाऊल टाकलें. ३९ गांवांतील स्त्रियांना त्यांनीं नवजात बालकाची घरींच काळजी घेण्यास शिकविलें: वजन करणें, ऊब देणें, जंतुसंसर्ग ओळखणें, प्रसंगीं औषध टोंचणें. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात बालकांचे मृत्यू शेंकडा ६२ नीं घटल्याचें त्यांनीं १९९९ मध्यें ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. जें काम केवळ तज्ज्ञाचें मानलें जात होतें, त्यांतला मोठा भाग गांवांतल्या बाया शिकून करूं शकल्या. वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें हें तरुणपणींच पाहिलें, तर आपल्या विद्येचा अहंकार तो योग्य मापांत ठेवतो.

आणि यांत विद्येचीही हानि नाहीं. शहरांतील पालकांची खरी धास्ती ही कीं खेड्यांत गेलेला मुलगा शास्त्रांत मागें पडेल. या धास्तीला रायगड जिल्ह्यानें उत्तर दिलें आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणून १९७६ मध्यें महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्यकेंद्रांत गेले. कोंकणांत तांबड्या विंचवाच्या दंशानें माणसें, विशेषतः मुलें, दगावत. पुस्तकांत त्यावर फारसें नव्हतें. बावस्करांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या बारीक नोंदी केल्या. विंचवाचें विष हृदयावर काय परिणाम करतें हें पाहिलें. आणि रक्तदाबासाठीं वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून हे मृत्यू फारच थोड्यांवर आणले. त्यांचे निबंध जगांतील श्रेष्ठ वैद्यकीय नियतकालिकांनीं छापले. रात्रीच्या वेळीं कंदिलाच्या उजेडांत आणलेला विंचूदंशाचा रोगी मोठ्या शहराच्या रुग्णालयापर्यंत क्वचितच पोंचत असे. म्हणून तें शास्त्र गांवांतच लिहिलें जाणें भाग होतें.

मात्र या गांवभेटींची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गांव ही विद्यार्थ्यानें हात बसविण्याची जागा नव्हे. एका दिवसाचें शिबिर भरवावयाचें, शंभर-दोनशें माणसांचा रक्तदाब मोजावयाचा, ज्यांचा वाढलेला आढळला त्यांच्या हातीं पांच दिवसांच्या गोळ्या ठेवावयाच्या, छायाचित्रें घ्यावयाचीं, आणि संध्याकाळच्या गाडीनें परत फिरावयाचें, असा प्रकार पुष्कळ ठिकाणीं चालतो. वाढता रक्तदाब हा बहुधा जन्माचा सोबती. त्याला पांच दिवसांची गोळी काय करणार? सहाव्या दिवशीं त्या माणसाला एवढेंच उरतें कीं आपल्याला कांहीं तरी रोग आहे, आणि औषध संपलें आहे. अशा शिबिरापेक्षां दहाच माणसें तपासावींत, परंतु त्यांचीं नांवें उपकेंद्राच्या वहींत चढवावींत आणि महिन्यानें त्यांतले किती पुनः आले हें पाहावें. सपाटीच्या प्रदेशांत ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असा सरकारी दंडक आहे. तें केंद्र कितीही अपुरें असलें तरी विद्यार्थी गेल्यावर गांवाला तेंच उरणार आहे. त्याला बळ देईल ती सेवा. त्याला वगळून होईल तो देखावा.

याच कारणास्तव विद्यार्थ्यानें कांहीं बंधनें आपण होऊन पाळावीं लागतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी डॉक्टर नव्हे. तेव्हां लोकांनीं कितीही आग्रह केला तरी त्यानें औषध सांगूं नये, योग्य माणसाकडे न्यावें. घरांत कळलेली गोष्ट, मग ती रोगाची असो, व्यसनाची असो कीं सुनेच्या दुःखाची असो, चावडीवर किंवा वसतिगृहांतल्या गप्पांत जाऊं नये. जें करवणार नाहीं त्याचें वचन देऊं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे जें मोजलें त्याचा हिशेब त्या घराला परत सांगावा. “आजी, तुमच्या गावात एवढी लेकरं मोजली, त्यांतली इतकी अशक्त निघाली, त्यांतल्या इतक्यांवर उपचार सुरू झाले,” एवढें सांगावयास दुसऱ्या वर्षीं त्याच दारीं गेलेला विद्यार्थी त्या गांवाचा होतो. जो जात नाहीं, त्याच्या वहींतले आंकडे बरोबर असले तरी त्याचा अभ्यास अपुराच राहतो.

या शिक्षणाची कसोटी अलीकडेच एकदां लागली. कोविडची दुसरी लाट ऐन भरांत असतां, मे १९२१ नव्हे तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या मे २०२१ मध्यें, केंद्र सरकारनें उमेदवारी करणाऱ्या डॉक्टरांना कोविडच्या कामावर घेण्याचा आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे सौम्य रोग्यांना दूरध्वनीवरून सल्ला देण्याचें काम वरिष्ठांच्या देखरेखीखालीं सोंपविण्याचा निर्णय जाहीर केला. “घरांतच वेगळ्या खोलींत राहा,” हा त्या वेळचा ठराविक सल्ला होता. मुंबईंत धारावीसारख्या वस्तींत एका खोलींत सात-आठ माणसें राहतात, शौचालय साऱ्या चाळीला मिळून एक असतें. ज्यानें अशी खोली कधीं पाहिलीच नाहीं तो हा सल्ला देऊन फोन खालीं ठेवील. ज्यानें पाहिली आहे तो आधीं विचारील, “खोल्या किती? घरात म्हातारं कोण आहे?” आणि मग रोग्याला सरकारी विलगीकरण केंद्रांत जाण्यास सांगेल. दोघांचें पुस्तक एकच; फरक एवढाच, कीं एकानें उंबरठा ओलांडला होता.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. पदवीनंतरच्या उमेदवारीच्या वर्षांत सुमारें ३ महिने सार्वजनिक आरोग्याच्या कामासाठीं राखलेले असतात. त्याच वेळीं पुढील पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचें ओझें विद्यार्थ्याच्या डोक्यावर असतें. तेव्हां आरोग्यकेंद्राच्या हजेरीपुस्तकावर सही करावी आणि खोलीचें दार लावून प्रश्नसंच सोडवीत बसावें, असा मोह त्याला होतो. आणि पुष्कळदां घरचीं माणसेंच त्या मोहाला खतपाणी घालतात. त्यांनीं थोडा विचार करावा. आपल्या मुलाच्या हातून पुढें हजारों माणसें जाणार आहेत. त्यांतली बहुतेक कोठून तरी बस पकडून, रोजगार बुडवून, उसने पैसे घेऊन येणार आहेत. तो त्यांना जें औषध लिहून देईल तें त्यांच्या घरांत कसें घेतलें जाईल, हें त्याला कोणत्याही परीक्षेंत विचारणार नाहींत. तें त्याला ठाऊक असावें कीं नसावें, एवढेंच ठरवावयाचें आहे.

सुटींत मुलगा किंवा मुलगी घरीं आली म्हणजे आईबाप गुण विचारतात, प्राध्यापकांविषयीं विचारतात, पुढें कोणत्या विषयांत तज्ज्ञ होणार हें विचारतात. त्याबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: “तुझ्याकडे जीं कुटुंबें दिलीं आहेत तीं कशीं आहेत?” उत्तरांत माणसांचीं नांवें आलीं, कोणाच्या तरी दुखण्याची काळजी दिसली, पुन्हां केव्हां जावयाचें याचा विचार दिसला, तर तें शिक्षण ठीक चाललें आहे असें समजावें. उत्तरांत नुसते आंकडे आले, तर पुढल्या खेपेस वहीबरोबर थोडा अधिक वेळ घेऊन जा, असें वडीलकीच्या नात्यानें सांगावें.